पहिलं मिग-२१ : १/७२ मापाचं लढाऊ विमान घरच्या टेबलावर

किट (प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमान बनवायचा संच) विकत घ्यायच्या आधी एक फोटो शोधा. एकाच विमानाचा, अंगावरचा नंबर वाचता येईल असा. नवी मंडळी विचारतात, "कुठलं किट घेऊ?" मी उलट विचारतो, "कुठलं विमान बनवायचंय?" त्यावर "मिग-२१" एवढं उत्तर पुरत नाही. हे विमान भारतीय हवाई दलात १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याने निरोप घेतला. या बासष्ट वर्षांत ते उघड्या ॲल्युमिनियमच्या चंदेरी अंगाने उडालं, १९७१च्या युद्धात त्यातली बरीच विमानं घाईघाईने हिरव्या-मातकट रंगाने झाकली गेली, पुढे रीतसर कॅमोफ्लाज आला आणि शेवटची बायसन या सुधारित प्रकारची विमानं निळसर राखाडी रंगात दिसली. त्यामुळे मिग-२१चा रंग कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. अमुक नंबरच्या विमानाचा अमुक साली रंग कोणता, याला मात्र आहे. पंखाखाली काय टांगायचं, कॉकपिटची काच उघडी ठेवायची की बंद, चाकांवर धूळ किती, हे सगळं तो एक फोटो ठरवून देतो. फोटो नसला की दर पायरीला अडायला होतं आणि किट अर्धवट अवस्थेत माळ्यावर जातं.

मी नाशिकचा, म्हणून माझा जीव मिग-२१वर. इथून जवळच ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना आहे. देशात सहाशेहून जास्त मिग-२१ बनली. धड आणि पंख ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. सुरुवातीची विमानं तर सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडूनच उभी राहिली होती. आपण टेबलावर करणार ते काम ओझरच्या हँगरमध्ये खऱ्या मापात झालेलं आहे, ही गोष्ट मला आजही पहिला भाग कापताना आठवते.

माप

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे बहात्तर इंच आपल्या मॉडेलचा एक इंच. सोप्या भाषेत, सहा फूट म्हणजे एक इंच. सहा फुटी वैमानिक तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा होतो. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, तो मॉडेलमध्ये जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. तळहातावर मावेल असं विमान. १/४८ मापात तपशील जास्त दिसतो, पण किट महाग पडतं आणि कपाटातली जागा भराभर संपते. १/१४४ इतकं बारीक की नवख्या हातात चाकंसुद्धा टिकत नाहीत. सुरुवातीला १/७२च घ्या.

हे गणित पुढे सारखं लागतं, म्हणून डोक्यात पक्कं ठेवा. जोडावर अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानात ती ३६ मिलिमीटरची झाली. दोन बोटं आत जातील एवढी. अशा फटीचं लढाऊ विमान कोणी उडवेल का, असा विचार केला की पॉलिश पेपर घेऊन बसायचा कंटाळा येत नाही.

किट निवडताना

मिग-२१ हे एक विमान नाही, ते कुटुंब आहे. भारतात आलेली पहिली मोजकी विमानं एफ-१३ प्रकारची: सडपातळ नाक, पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी लांब दांडी) नाकाच्या खाली, काच पुढच्या बाजूला उघडणारी. मग मोठ्या संख्येने एफएल आली. नाकातला शंकू मोठा, कॉकपिटमागची पाठ मात्र अजून बारीक. त्यानंतर एम, आणि मग बिस, ज्याची पाठ चांगलीच फुगलेली. बायसन म्हणजे बिसचंच सुधारलेलं रूप. किटमध्ये एफ-१३ आणि फोटोत बायसन असेल तर कितीही रंग लावा, जाणकाराला पहिल्या नजरेत कळेल. फोटोतल्या विमानाची पाठ आणि पिटो नळीची जागा, या दोन गोष्टी बघून किट घ्या.

एडुआर्ड कंपनीचं १/७२ मधलं मिग-२१एमएफ २०१८ मध्ये आलं. आज या मापात त्याच्या तोडीचं किट शोधणं अवघड आहे. बारीकसारीक फरक सोडले तर ते आपल्या मिग-२१एमलाही चालतं. त्याच्या 'वीकेंड' आवृत्तीत फक्त प्लास्टिक आणि डिकॅल (पाण्यात भिजवून विमानावर सरकवायच्या छापील खुणा) मिळतात, 'प्रोफिपॅक' आवृत्तीत पितळी पत्र्याचे बारीक भागही येतात. पहिल्यांदा वीकेंडच घ्या. पत्र्याचे भाग दुमडणं ही वेगळी विद्या आहे, ती दुसऱ्या-तिसऱ्या विमानाला शिकावी. हात अगदीच नवखा असेल तर एअरफिक्सचा एखादा स्टार्टर सेट घेऊन आधी एक विमान उरकून टाका; त्यात रंग, ब्रश आणि गोंद डब्यातच असतात.

हत्यारं

यादी लांबलचक करू नका. स्प्रू कापायला धारदार साइड कटर (भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिला स्प्रू म्हणतात), टोकदार पात्याचा कटर, बारीक टोकाचा चिमटा, मास्किंग टेप, दोन चांगले ब्रश. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा: ४००, ६००, ८०० आणि १००० नंबर, प्रत्येकी एक. घरातून कपड्यांचे चिमटे, रबर बँड, टूथपिक आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घ्या. कटरची पाती जास्तीची घ्या. बोथट पातं हात जास्त कापतं, कारण जोर लावावा लागतो आणि ते निसटतं.

गोंदाबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण नवखे लोक इथेच चुकतात. या छंदातला गोंद हा गोंद नाहीच. त्याला सिमेंट म्हणतात, आणि ते पॉलिस्टायरिन प्लास्टिक विरघळवतं. दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकजीव होऊन कडक होतात. म्हणजे हा सांधा वेल्डिंगसारखा. तामिया कंपनीचं हिरव्या झाकणाचं 'एक्स्ट्रा थिन' पाण्यासारखं पातळ असतं. ते आधी लावून मग भाग जोडायचे नाहीत. भाग कोरडेच एकमेकांवर नीट बसवायचे, घट्ट धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. वातीत तेल चढावं तसं सिमेंट फटीतून आपोआप धावत जातं. ते धावताना दिसतं, आणि पहिल्यांदा बघताना फार समाधान वाटतं. फक्त धरलेलं बोट सांध्यावर नको. नाहीतर सिमेंट बोटाखाली शिरतं आणि तुमचा ठसा विमानावर कायमचा उमटतो. रंगवलेल्या कडांवर आणि धातूवर हे चालत नाही, कारण तिथे विरघळायला प्लास्टिकच नसतं. खिडकी उघडी ठेवून काम करा, वास डोक्यात चढतो.

जोडणीची सुरुवात

सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून धुवा आणि वाळू द्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहिलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. धुताना मोरीच्या जाळीवर फडकं टाका, एखादं चाक निसटलं तर सापडेल.

भाग कापताना स्प्रूला अगदी चिकटून कापू नका. थोडा दांडा ठेवून आधी भाग सुटा करा, मग उरलेला दांडा पात्याने छाटा आणि ६०० नंबरच्या पेपरने सपाट करा. एकदम जवळून कापलं तर प्लास्टिकवर ताण येऊन तिथे पांढरा डाग पडतो, कधी खड्डाही. अगदी बारीक भाग पारदर्शक पिशवीत हात घालून आतच कापा, म्हणजे उडाला तरी पिशवीतच राहील.

सूचनापत्रक कॉकपिटपासून सुरू होतं आणि ते बरोबरच आहे, कारण धड बंद झालं की आत ब्रश जात नाही. सोव्हिएत विमानांच्या कॉकपिटचा रंग वेगळाच, फिरोजी-हिरवट. पाश्चात्त्य विमानं बनवणाऱ्यांना तो चुकीचा वाटतो, पण तो तसाच आहे. तो लावा, वाळला की काळपट पाण्याचा पातळ हात द्या, मग कोरड्या ब्रशवर फिकट रंग घेऊन वरवर फिरवा. उठावावरची बटणं आणि कडा लगेच जिवंत होतात. खुर्चीचे पट्टे किटमध्ये नसतील तर मास्किंग टेपचे करा. खरा पट्टा साधारण पाच सेंटिमीटर रुंद धरला तर आपल्याला पाऊण मिलिमीटरहून बारीक पट्टी लागेल. नवीन पातं आणि स्टीलची पट्टी घेऊन पाच-सहा पट्ट्या कापा, त्यातल्या दोन बऱ्या निघतील. फिकट खाकी रंग द्या, खुर्चीवर थोड्या वळवून, सैल पडल्यासारख्या ठेवा. बंद काचेतूनही एवढं दिसतं. बाकी कॉकपिटवर फार दिवस घालवू नका.

धड बंद करण्याआधी

एक काम राहून गेलं तर मॉडेल संपल्यावर डोळ्यांत पाणी येतं, ते म्हणजे नाकातलं वजन. बरीच जेट मॉडेलं तीन चाकांवर ठेवली की शेपटीवर बसतात. म्हणून धडाचे दोन्ही भाग, पंख आणि शेपटी टेपने नुसते धरून ठेवा, मागची चाकं जिथे येणार तिथे खाली एक पेन्सिल आडवी ठेवा आणि बघा, विमान कुठे झुकतंय. मागे झुकलं तर नाकाच्या आत वजन हवं. सायकलच्या दुकानात छर्रे मिळतात, ते उत्तम. दोन भागांच्या इपॉक्सीत चिकटवून टाका, पण आधी बघून घ्या की शंकू आणि पुढच्या चाकाची खोबण यांना ते अडत नाहीत. गळाला लावायचे शिशाचे तुकडे वापरू नका. शिसं विषारी आहे, आणि पांढऱ्या गोंदात चिकटवलं तर काही वर्षांत ते गंजतं, फुगतं आणि बंद केलेलं नाक आतून फाडतं.

मग एकदा सगळं गोंदाविना जुळवून बघा. कॉकपिट, चाकांच्या खोबणी, मागची एक्झॉस्ट नळी, नाकातला शंकू, हे सगळं दोन भागांच्या मधे अडकणार असतं. त्यातलं एक जरी अर्धा मिलिमीटर बाहेर राहिलं तर धड मिटत नाही. जिथे अडतंय तिथे आतल्या बाजूने घासा. बाहेरून जोराने दाबून, रबर बँड आवळून बंद केलेलं धड आठवड्याने उकलतं.

आता चिकटवा, पण एका दमात नाही. शेपटीपासून दोन सेंटिमीटर, थोडं थांबा, पुढचे दोन. टेपने धरा आणि रात्रभर हात लावू नका.

सांधे

सकाळी पाठीवर आणि पोटावर एक रेघ दिसेल. खऱ्या विमानात ती नसते, म्हणून ती घालवायची. इथे पुटी विकत आणण्यापेक्षा मला घरचा उपाय आवडतो. त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे एका छोट्या काचेच्या बाटलीत घाला, ते बुडतील एवढं सिमेंट ओता आणि दिवसभर ठेवा. मधासारखं दाट प्लास्टिक तयार होतं. टूथपिकने ते फटीत भरा. ते विमानाच्याच प्लास्टिकचं असल्यामुळे घासताना कमी-जास्त झिजत नाही, सलग घासलं जातं. निदान दोन दिवस वाळू द्या, कारण आतून ओलं असताना घासलं तर नंतर बसून तिथे खळगा पडतो. मग ४०० नंबरने सुरुवात करून १००० पर्यंत, पेपर पाण्यात भिजवून घासा.

रेघ गेली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यावर चंदेरी रंगाचा एक पातळ हात मारा आणि दिव्याखाली तिरकं धरा. चंदेरी रंग काहीही लपवत नाही. राहिलेला ओरखडा लगेच चमकून दिसतो. मिग-२१च्या नाकाच्या कडेवरचा सांधा या पद्धतीने दोन-तीनदा तपासा, कारण बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. तो काही केल्या जमला नाही तर एक रास्त मार्ग आहे. जमिनीवर उभ्या विमानाच्या नाकावर झाकण लावलेलं असतं. पातळ पुठ्ठ्याची चकती कापा, लाल रंगवा आणि बसवा. आपलं विमान हँगरबाहेर उभं आहे, एवढंच.

काच

माझं दुसरं विमान मी या पायरीला घालवलं. मिग-२१च होतं, तीन आठवड्यांचं काम. काच घट्ट बसावी म्हणून मी झटपट चिकटणारा सुपर ग्लू लावला आणि समाधानाने झोपलो. सकाळी काचेच्या आतून पांढरं धुकं चढलेलं होतं. सुपर ग्लूची वाफ बंद जागेत कोंडली की असं होतं, आणि आतून पुसायला वाट नसते. काच तोडून काढली तेव्हा तिला तडा गेला. ते विमान अजून माझ्या कपाटात आहे, काचेवर ताडपत्री पांघरलेलं. ताडपत्री म्हणजे गोंदात बुडवलेला टिश्यू पेपर.

म्हणून काच नेहमी पांढऱ्या फेविकॉलने लावा. टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेला बारीक रेघ ओढा, काच ठेवा, जास्तीचा ओल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. तो वाळला की पारदर्शक होतो, आणि बारीक फटही भरून काढतो.

काचेवरच्या चौकटीला रंग द्यायचा तर आधी टेपने झाकायला हवं. टेपचा तुकडा पूर्ण काचेवर चिकटवा, टूथपिकने कडा दाबा म्हणजे चौकटीचा उठाव टेपमधून दिसायला लागेल, आणि नव्या पात्याने त्या उठावाच्या कडेने, जोर न लावता, फक्त पात्याच्या वजनाने कापा. चौकटीवर आधी कॉकपिटचा फिरोजी रंग, त्यावर बाहेरचा रंग. मग आत डोकावल्यावर चौकट आतूनही बरोबर रंगाची दिसते.

रंग

एअरब्रश आणि कंप्रेसर नसले तरी काही अडत नाही. ब्रशने उत्तम विमान होतं. सुरुवातीला चंदेरी मिग-२१ मात्र नको. उघड्या धातूचा रंग ब्रशने सलग येत नाही आणि प्रत्येक ओरखडा दाखवतो. कॅमोफ्लाज किंवा राखाडी निवडा. १९७१चं घाईने रंगवलेलं विमान तर नवख्या हाताला फारच सोयीचं, कारण मूळ रंगच ओबडधोबड होता.

वालेहो कंपनीचे ॲक्रिलिक रंग पाण्यात मिसळतात आणि ब्रशला छान चालतात. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलवर आधारलेले आहेत. ते ब्रशखाली लवकर वाळतात आणि दुसरा हात देताना खालचा थर उचलतात, म्हणून ते एअरब्रशवाल्यांसाठी बरे. वालेहो प्लास्टिकवर नीट धरत नाही, टेप काढताना सोलून निघतो, त्यामुळे आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खालचा थर, हवाच. मॉडेलसाठीचा स्प्रे प्रायमर घ्या. गाड्यांचा प्रायमर स्वस्त मिळतो, पण काही डब्यांमधलं सॉल्व्हंट प्लास्टिक खातं, म्हणून आधी टाकाऊ स्प्रूवर मारून बघा. डबा २०-२५ सेंटिमीटर लांब धरा, फवारा विमानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, आणि तोंडाला मास्क लावा.

आपल्याकडे एक अडचण आहे, जी परदेशी सूचनांमध्ये क्वचितच सापडते. पावसाळा. हवेत ओल भरलेली असताना स्प्रेचा डबा मारला, विशेषतः क्लिअर कोट, तर सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि पांढरट साय धरल्यासारखं होतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे हमखास घडतं. त्या दिवसांत जोडणी आणि घासकाम करा, स्प्रे ऊन पडेल त्या दिवशी दुपारी करा, किंवा सगळंच ब्रशच्या ॲक्रिलिकने करा.

रंग गाईच्या दुधाइतका पातळ करा. पहिला हात दिल्यावर खालचं सगळं दिसेल, डाग डाग दिसतील, आणि वाटेल की बिघडलं. बिघडलेलं नाही. अर्धा-एक तास थांबून दुसरा हात आडवा द्या, मग तिसरा परत उभा. चौथ्यापर्यंत रंग सपाट होतो. दाट रंगाचा एकच हात दिला तर पॅनलच्या बारीक रेघा (विमानाचे पत्रे जिथे जुळतात तिथल्या) बुजतात. ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटर रंग! ओल्या रंगावरून परत ब्रश फिरवायचा मोह मात्र टाळा. केशरी आणि पिवळ्या रंगाखाली आधी पांढरा लावा, नाहीतर ते मळकट दिसतात.

आधी पोटाचा फिकट रंग, मग पाठीवरचा फिकट, शेवटी गडद. कॅमोफ्लाजची नक्षी पेन्सिलने अगदी हलकी काढून घ्या. फोटोत विमानाची एकच बाजू दिसत असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या विमानाचा फोटो लावून अंदाज घ्या. आणि एक गोष्ट: खऱ्या विमानावरचा रंग जसाच्या तसा लावला तर एवढ्याशा मॉडेलवर तो काळपट वाटतो. दोन-चार थेंब पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळा.

खुणा

डिकॅल लावण्याआधी विमानाला ग्लॉस वार्निशचा हात द्या, मग रंग कितीही मॅट असो. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक दिसत राहते. गुळगुळीत पृष्ठभागावर ती येत नाही.

एक एक खूण कापा, कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर ठेवा. बोटाने सरकतेय असं वाटलं की कागदासकट विमानावर न्या आणि कागद खालून ओढा. डिकॅल उचलून ठेवायचं नाही, सरकवायचं. जागेवर आलं की ओल्या कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी दाबून काढा. डिकॅल नीट बसवायला दोन द्रवं मिळतात: मायक्रो सेट आधी खाली लावायचं, मायक्रो सोल नंतर वरून. सोल लावल्यावर डिकॅल सुरकुततं. घाबरून हात लावू नका, तासाभरात ते स्वतःहून ताणून पॅनलच्या रेघांत जाऊन बसतं. सेट मिळालं नाही तर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर बऱ्यापैकी काम करतं.

भारतीय खुणा किटमध्ये असतीलच असं नाही, त्यांचे वेगळे डिकॅल मागवावे लागतात. चक्रात बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. शेपटीवरच्या पट्ट्यांचा क्रम डाव्या आणि उजव्या बाजूला फोटोत बघूनच लावा. नंबर घरीही छापता येतो. इंकजेट प्रिंटरसाठीचा डिकॅल कागद मिळतो. छापल्यावर त्यावर क्लिअर वार्निशचे दोन हात द्यायचे, नाहीतर पाण्यात शाई उतरते. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे काळा नंबर जमतो, चक्र जमत नाही. त्यासाठी पांढऱ्या पाठीचा कागद घ्या. आकार ठरवायला फोटोत चक्राचा व्यास आणि एखाद्या मोठ्या भागाची लांबी मोजा, आणि तेच प्रमाण मॉडेलवर आणा. तिरक्या फोटोवरून मोजू नका.

आपल्या बहुतेक एकआसनी मिग-२१चे नंबर इंग्रजी 'सी' अक्षराने सुरू होतात आणि दोन आसनी प्रशिक्षण विमानांचे 'यू'ने. मनाने नंबर लिहिणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं. पण माझं ऐकाल तर मनाने लिहूच नका.

स्वतःचे बदल

पहिल्या विमानाला एकच बदल करा, आणि तो पिटो नळीचा करा. नाकापुढे आलेली ती लांब दांडी हवेचा वेग मोजायला असते. किटमधली प्लास्टिकची दांडी जाड असते, वाकते आणि तुटते. ती धातूची केली की सगळं विमान एकदम खरं वाटायला लागतं.

मेडिकलच्या दुकानातून २४ गेजची इंजेक्शनची नवी सुई आणि ३१ गेजची इन्सुलिनची सुई आणा. २४ गेजची बाहेरून साधारण ०.५७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या मापात चार सेंटिमीटर. ती आतून ०.३१ मिलिमीटर पोकळ असते, आणि ३१ गेजची सुई बाहेरून ०.२६. म्हणजे बारीक सुई जाड सुईच्या आत अलगद सरकते आणि आयती निमुळती होत जाणारी दांडी मिळते. डोळ्यांना चष्मा लावा. सुया कटरने तोडू नका. नळी चेपते आणि तुकडा उडतो. बारीक कानशीने सगळ्या बाजूंनी खाच पाडा आणि चिमट्याने वाकवून मोडा. अणकुचीदार टोकं सगळ्यात आधी मोडा, आणि मोडलेली टोकं जाड बाटलीत बंद करून मगच कचऱ्यात टाका. लांबी किटमधल्या दांडीवर मोजून घ्या. दोन्ही सुयांचा सांधा सुपर ग्लूच्या ठिपक्याने धरा. मग हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने नाकावर ०.६ मिलिमीटरचं भोक पाडा. दांडी अजून बसवू नका.

अँटेनाच्या तारा आणि बारीक दांड्या स्प्रूच्याच करता येतात. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, गोल फिरवत धरा. मधे मऊ पडून लोंबायला लागला की बाजूला घ्या आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. केसासारखा धागा निघतो. जोराने ओढाल तेवढा बारीक.

पंखाखालचा भार फोटोतल्यासारखाच ठेवा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर गेलेल्या मिग-२१ विमानांनी ५७ मिलिमीटरची रॉकेटं डागली होती. तसं विमान करत असाल तर रॉकेटचे नळकांडे हवेत, क्षेपणास्त्रं नकोत. किटमध्ये सगळं दिलंय म्हणून सगळं टांगू नये.

शेवटचे हात

पॅनलच्या रेघा उठाव्यात म्हणून कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर आणि किंचित काळा, ऑइल कलरच्याच थिनरमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करा. ग्लॉस वार्निशवर रेघांना टोक टेकवा, तो धावतो. वीस मिनिटांनी कापसाने हवेच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, पुसा. एक्झॉस्टजवळ थोडी काजळी, चाकांना धूळ, बस. हवाई दलाची विमानं गंजक्या भंगारासारखी दिसत नाहीत. चाकांच्या मधल्या चकत्या हिरव्या असतात, ते विसरू नका.

मग मॅट वार्निश, त्यानंतर काचेवरची टेप काढा, चाकं आणि त्यांची झाकणं लावा. सगळ्यात शेवटी पिटो दांडी सुपर ग्लूने बसवा, आणि वाफ काचेवर बसू नये म्हणून पंखा चालू ठेवा. समोरून, वरून आणि बाजूने ती सरळ आहे का ते बघा. काचेच्या पेटीत ठेवता आलं तर ठेवा, मिठाईचे पारदर्शक डबेही चालतात. खाली छोट्या चिठ्ठीवर विमानाचा नंबर, स्क्वाड्रन आणि फोटोचं साल लिहा. धूळ झटकायला मऊ ब्रश घ्या आणि तो नाकाकडून शेपटीकडे कधीच नको, उलटा फिरवा: शेपटीकडून पुढे, आणि पिटो दांडीच्या आधी थांबा.